वाचक विचारतात : मोठ्या फिशटँकचा स्टँड आणि पायपिंग

चार-पाच फुटी टाकी घरात आणायची म्हटलं की माशांच्या आधी प्रश्न येतो तो वजनाचा, लोखंडाचा आणि पाइपांचा. या अंकासाठी आलेल्या पत्रांत तेच प्रश्न जास्त होते. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. खाली 'संप' हा शब्द सगळीकडे स्टँडमध्ये ठेवलेल्या फिल्टरच्या टाकीसाठी वापरला आहे. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाने संपात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो.

प्रश्न : आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉलमध्ये ५ × २ × २ फुटांची टाकी ठेवायची आहे. स्लॅबला झेपेल का? हॉलला लागून बाल्कनी होती, ती आत घेतली आहे. तिथे जागा छान आहे. (पुणे)

आधी वजन मांडू. वरून दोन इंच मोकळे सोडले तरी या टाकीत साधारण ४८० लिटर पाणी मावतं, म्हणजे ४८० किलो. १२ मि.मी. काच चौरस मीटरला ३० किलो भरते. तळ आणि चारही बाजू मिळून साडेतीन चौरस मीटर काच लागते, म्हणजे वरच्या पट्ट्या धरून ११० किलो. वाळू आणि दगड ७० किलो, प्लायसकट स्टँड ६५ किलो, पाण्याने भरलेला संप १०० किलो. बेरीज सव्वाआठशे किलोंच्या आसपास जाते.

हे सगळं वजन दहा चौरस फुटांवर येतं. चौरस मीटरला पावणेनऊशे किलोंहून जास्त. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चालता भार (माणसं आणि सामान यांचा) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरला आहे. आकडे शेजारी ठेवले की छातीत धस्स होतं. पण २०० किलो हा भार सबंध खोलीभर पसरलेला धरतात. दहा बाय बाराच्या खोलीत त्याची बेरीज बावीसशे किलोंवर जाते. म्हणून टाकी कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. स्लॅब मधोमध सर्वांत जास्त वाकतो आणि बीमजवळ सर्वांत कमी. टाकीची लांब बाजू बीमवरच्या भिंतीला चिकटून, शक्यतो कॉलमच्या कोपऱ्यात घ्या. बीम कुठून गेला आहे ते तुमच्या जमिनीवर कळणार नाही, खालच्या घराच्या छताला दिसेल. तिथे फॉल्स सीलिंग असेल तर सोसायटीकडून बीम-कॉलम दाखवणारा आर.सी.सी. नकाशा मागा.

आत घेतलेल्या बाल्कनीचा विचार मात्र मनातून काढून टाका. फरशी एकसारखी झाली तरी खालचा स्लॅब बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेला असतो आणि टाकी नेमकी त्याच्या मोकळ्या टोकाकडे येते. इमारत जुनी असेल, छताला गळतीचे डाग किंवा उघड्या पडलेल्या सळ्या असतील, किंवा लाकडी पाटणीचा मजला असेल, तर टाकीची ऑर्डर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवा. एवढ्या वजनाला ती फी वाचवू नये.

प्रश्न : फॅब्रिकेटर म्हणतो ४० × ४० चा पाइप 'हत्ती उभा राहील' इतका मजबूत असतो. मला पुढच्या बाजूला मधला पाय नको, कारण संप आत-बाहेर करायला अडतो. टाकी ५ × २ × २ ची. (नाशिक)

फॅब्रिकेटर मोडण्याचा हिशेब करतो आहे, आणि तो चूक नाही. ४० × ४० चा २ मि.मी. जाडीचा पाइप या वजनाने मोडणार नाही. पण तो झुकेल, आणि काचेला झुकणंच सोसत नाही.

टाकी, पाणी आणि दगड मिळून वरच्या चौकटीवर ६६० किलो येतात. पुढच्या आणि मागच्या पाइपावर प्रत्येकी ३३०. पाच फुटांत मध्ये आधार नसेल तर ४० × ४० × २ चा पाइप मधोमध जवळजवळ पाऊण ते एक सेंटिमीटर खाली येतो. ५० × ५० × २ घेतला तरी चार-पाच मि.मी. जातातच. तळकाचेला मध्ये आधार उरत नाही, सगळा ताण कोपऱ्यांतल्या सिलिकॉनवर जातो, आणि टाकी पहिल्या दिवशी न फुटता चार महिन्यांनी तळाच्या सांध्यातून पाझरायला लागते. तेव्हा दोष काच जोडणाऱ्याला दिला जातो.

मधला पाय दिला की लांबी निम्मी होते, आणि झुकणं लांबीच्या चौथ्या घाताने बदलत असल्यामुळे ते सोळापट कमी होतं. तोच ४० × ४० चा पाइप मग अर्ध्या-पाऊण मि.मी.वर थांबतो. तुम्हाला पाय नकोच असेल तर वरच्या चौकटीच्या दोन्ही लांब बाजूंना ८० × ४० × ३ चा पाइप उभा, म्हणजे ८० ची बाजू उंचीत ठेवून वापरा. झुकणं सव्वा ते दीड मि.मी.पर्यंत येतं. आडवा लावला तर पैसे जास्त जाऊन फायदा फारसा नाही, आणि वेल्डर सवयीने आडवा लावतात. कटिंगच्या आधी जाऊन उभे राहा.

तिसरा मार्ग आम्हाला जास्त आवडतो. पुढे-मागे मधले पाय ठेवा आणि संप बाजूने सरकवा. त्यासाठी एका बाजूला दोन फूट भिंत मोकळी ठेवावी लागते आणि त्या बाजूला खालच्या चौकटीच्या वर आडवी पट्टी देऊ नये. तेवढी जागा नसेल तर संप आधी आत ठेवा आणि टाकी नंतर चढवा. संप फुटला तर मात्र वरची टाकी रिकामी करून उचलावी लागेल, हे धरून चाला.

वेल्डिंगविषयी एक गोष्ट आवर्जून बघा. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पायांच्या मध्ये अडकवून कडेने वेल्ड मारला तर सगळं वजन वेल्डच्या रेघेवर येतं. आधी सगळीकडे नुसते टाके मारून घ्या, दोन्ही कर्ण टेपने मोजा आणि ते सारखे आले तरच पूर्ण वेल्ड मारायला सांगा. उष्णतेने पाइप ओढला जातो, म्हणून एका कोपऱ्याचं वेल्डिंग झालं की समोरच्या कोपऱ्याचं. गुण्यात (काटकोनात) नसलेला स्टँड नंतर कशानेही सरळ होत नाही. वरच्या चौकटीत दर सव्वा फुटावर आडवा पाइप हवा. मागच्या बाजूला एक तिरपा पाइप किंवा बोल्ट केलेला १२ मि.मी. प्लाय हवाच, नाहीतर मुलाने टाकीला टेकून धक्का दिला तरी चौकट डोलते. प्रत्येक पायाखाली १०० × १०० × ६ मि.मी. ची पट्टी द्या. जिथे पाय येणार त्या फरशीवर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट नाही, ती फरशी तडकणार. ती आधी बदलून घ्या.

स्टँडवर १८ मि.मी. चा मरीन प्लाय, त्यावर १० मि.मी. थर्माकोल आणि त्यावर टाकी. थर्माकोल वाळूचा खडा किंवा वेल्डचा उंचवटा पोटात घेतो. स्टँड वाकडा असेल तर तो सरळ करत नाही. टाकीला खालून प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम असेल आणि तळकाच अधांतरी असेल, तर थर्माकोल घालूच नका. तो तळकाचेला वर ढकलतो.

लेव्हल बघायला गवंड्याची पाण्याची नळी उत्तम. लांबीत दोन मि.मी. फरक चालेल. पण तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा वर, असा पीळ एक मि.मी. चाही नको. पत्र्याच्या पट्ट्या घालायच्या त्या पाय आणि फरशी यांच्यामध्ये. प्लाय आणि टाकी यांच्यामध्ये कधीही नाही. मग निम्मी टाकी भरा, रात्रभर ठेवा, सकाळी परत नळी लावा. स्टँड बसायचा तेवढा या पहिल्या रात्रीत बसतो.

प्रश्न : संप लावल्यापासून ओव्हरफ्लोच्या पाइपातून रात्रभर गुडगुड आवाज येतो. एकच एक इंची पाइप आहे, पंप तासाला २५०० लिटरचा. (ठाणे)

आवाज पाण्याचा नाही, पाण्याबरोबर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आहे. पाइप अर्धा भरून वाहतो, मध्येच पूर्ण भरतो, पाणी झपकन ओढलं जातं, हवा शिरते, परत अर्धा. हे चक्र मिनिटाला कितीतरी वेळा होतं.

भोक एकच असेल तर तात्पुरता उपाय असा. उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी बसवा. टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावा, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत जाईल. टीच्या वरच्या तोंडाला एंड कॅप, आणि कॅपला ३ मि.मी. चं भोक. हवा त्या भोकातून ठरावीक प्रमाणात जाते आणि ओढणं थांबतं. भोक थोडं थोडं मोठं करत आवाज जुळवावा लागतो. संपात सुटणारं टोक पाण्याच्या पातळीखाली दोनच सेंटिमीटर ठेवा. ते फार खोल असेल तर पाइपातली हवा बाहेर पडू शकत नाही आणि बुडबुडे उलटे वर येतात.

नवी टाकी बनवणाऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच दोन भोकं पाडून घ्यावीत. हौशी लोक याला हर्बी पद्धत म्हणतात. पहिला पाइप ओव्हरफ्लोच्या कप्प्यात (टाकीच्या आत काचेने वेगळा केलेला भाग, ज्याच्या काठावरून पाणी आत पडतं) खोल ठेवायचा आणि त्याच्या खालच्या टोकाजवळ व्हॉल्व्ह. दुसरा त्याच्याहून उंच, कप्प्याच्या काठाखाली चार-पाच सेंटिमीटर, आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीही नाही. पंप चालू करून पहिल्याचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळा, इतका की कप्प्यातलं पाणी दुसऱ्या पाइपाच्या तोंडाशी येऊन त्यात जेमतेम धार पडेल. पहिला पाइप तेव्हा काठोकाठ भरून वाहतो, हवा शिरायला जागाच नसते, आणि आवाज जातो. पानं किंवा गोगलगाय अडकून पहिला तुंबला तर पंपाचं सगळं पाणी दुसऱ्याने एकट्याने नेलं पाहिजे. म्हणून त्याचा व्यास पहिल्याएवढा किंवा मोठा. बसवल्यावर पहिला पाइप हाताने बंद करून दहा मिनिटं बघा. ही चाचणी न करता झोपू नका.

भोकं टाकी जोडण्याआधी, काच आडवी असताना पाडायची. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर हवं. आकार टँक निपल (काचेच्या भोकात बसणारी पाइपाची जोडणी) हातात घेऊन मोजा, 'एक इंची' म्हणून सांगू नका. एक इंची निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास इंचापेक्षा बराच मोठा असतो. तळकाच टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेली) असेल तर ती भोक पाडताक्षणी चुरा होते. ओळखायचं असं : लॅपटॉपचा पांढरा पडदा काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे फिरवा. काचेत काळसर ठिपके किंवा पट्टे दिसले तर ती टफन्ड. निपलचं रबर पाण्याच्या बाजूला, निपलच्या रुंद चाकीच्या आणि काचेच्या मध्ये. रबराला सिलिकॉन लावू नका, ते घसरतं. नट हाताने घट्ट, मग पान्ह्याने पाव आटा, बस.

प्रश्न : लाइट गेली की संप भरून वाहतो. चार बाय दीड फुटांची टाकी. परवा तीन बादल्या पाणी घरात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तरी झालं. (सांगली)

पंप बंद पडला की वर जाणारा पाइप उलटा वाहू लागतो. त्याचं तोंड टाकीतल्या पाण्यात जितकं खोल, तिथपर्यंतचं सगळं पाणी खाली येतं. तुमच्या टाकीचं क्षेत्रफळ १२२ × ४६ सें.मी., म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.६ लिटर खाली. तोंड १० सें.मी. बुडालेलं असेल तर ५६ लिटर. तीन बादल्यांचा हिशेब तिथेच लागला.

तोंड वर घ्या, पाण्याखाली फक्त दोन सेंटिमीटर. मग ११ लिटर. ओव्हरफ्लोच्या काठावरून वाहणारा पाण्याचा थर साधारण एक सेंटिमीटर असतो, त्याचे साडेपाच. कप्पा आणि पाइप मिळून पाच-सहा. एकूण २२-२३ लिटर. संपात पंप चालू असताना निदान ३० लिटर मोकळी जागा हवी. याशिवाय पाण्याच्या पातळीखाली एक सेंटिमीटरवर पाइपाला ५ मि.मी. चं भोक पाडा. पातळी तिथे आली की भोकातून हवा शिरते आणि उलटी धार तुटते. या भोकात शेवाळ धरतं. दर पंधरवड्याला काडीने मोकळं करा. नॉन-रिटर्न (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या) व्हॉल्व्हच्या झडपेवर एक वाळूचा कण बसला तरी ती पूर्ण मिटत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर संपाची मापं कधीच ठरवू नयेत.

आता मोकळी जागा नक्की करा. पंप बंद करा, पाणी उतरायचं थांबेपर्यंत थांबा, आणि संप काठाखाली तीन सेंटिमीटर राहील इतकं पाणी काढा किंवा घाला. मग पंप सुरू करा, पातळी स्थिर झाली की संपाच्या काचेवर बाहेरून टेपची रेघ मारा. रोजचं पाणी भरताना ही रेघ ओलांडायची नाही. घरातल्या सगळ्यांना ही रेघ दाखवून ठेवा, कारण गावाला गेल्यावर पाणी दुसरंच कोणीतरी घालतं.

उलटा अपघातही मोजून ठेवा. ओव्हरफ्लो पूर्ण तुंबला तर पंप संपातल्या शेवटच्या, म्हणजे पंप असलेल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर ढकलतो. वरच्या टाकीत काठाखाली चार सेंटिमीटर मोकळे असतील तर तुमच्याकडे २२ लिटर मावतात. तो कप्पा २० लिटरपेक्षा मोठा करू नका. लाइट परत आल्यावर मिनिट-दोन मिनिटं खळखळ होईल, पाइपातली हवा बाहेर पडते आहे तोवर. ते बिघाडाचं लक्षण नाही.

प्रश्न : प्लंबरने सगळं नवं सामान वापरलं तरी दोन सांधे ठिबकतात. एक एल्बो तर पाइपावर ढिला बसत होता, त्याने सोल्युशन जास्त लावून चिकटवला. (छत्रपती संभाजीनगर)

ढिल्या एल्बोतच उत्तर आहे. दुकानात तीन जातींचे 'एक इंची' पाइप शेजारी ठेवलेले असतात. घरातल्या थंड पाण्याच्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मि.मी. शेतीच्या पीव्हीसी पाइपाचा ३२ मि.मी. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचा २८.६ मि.मी. यूपीव्हीसीच्या एल्बोत शेतीचा पाइप जातो, पण दीड मि.मी. पोकळी राहते. सोल्युशन पोकळी भरत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, आणि त्यासाठी ते एकमेकांना घट्ट टेकलेले हवेत. पाइप सुका घातला की एल्बोच्या खोलीत साधारण दोन-तृतीयांशावर अडला पाहिजे. ढिला जात असेल तर परत करा. एकाच जातीचे पाइप आणि फिटिंग घ्या.

कापलेल्या कडेचे कूस पॉलिश पेपरने काढा, पाइपाला आणि फिटिंगला दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव वळसा देत आत ढकला आणि तीस सेकंद दाबून धरा. लगेच सोडलं तर पाइप मागे सरकतो, हेच बहुतेक ठिबकणाऱ्या सांध्यांचं कारण. पाणी चोवीस तासांनी सोडा. पहिल्या दिवशी साध्या पाण्याने चालवून ते फेकून द्या, मासे नंतर. ठिबकणारा सांधा बाहेरून एम-सील लावून थांबत नाही, तेवढा तुकडा कापून कपलर (दोन पाइप जोडणारं फिटिंग) घाला. म्हणूनच पंपाच्या लगेच वर आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (आटे फिरवून सोडवता येणारा जोड) हवं. ते नसेल तर पंप साफ करायलाही पाइप कापावा लागतो.

आटे असलेल्या जागी टेफ्लॉन टेपचे सहा ते आठ वेढे, आटा ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. प्लास्टिकचा आतल्या आट्यांचा तुकडा पान्ह्याने जोर लावून आवळला की केसाएवढा तडा जातो आणि तो आठवड्याने ठिबकतो. प्लंबर सवयीने पितळी आट्यांचं फिटिंग देतात. आमचं मत स्पष्ट आहे : नको. पितळेत तांबं असतं, कोळंबी आणि गोगलगायींना ते फार थोडंही सोसत नाही.

जाता जाता एक सोय करून घ्या. पंपाच्या वर टी टाकून एक बॉल व्हॉल्व्ह आणि बाथरूमपर्यंत नळी काढा. दर आठवड्याचं ५० लिटर पाणी बदलायला बादल्या उचलाव्या लागणार नाहीत.

प्रश्न : स्टँडचे पाय खालून गंजले, प्लाय फुगला. टाकी खाऱ्या पाण्याची. (पणजी)

समुद्राजवळची हवा, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आणि रोजची ओली फरशी, तिन्ही एकत्र आले. गंज बहुधा पाइपाच्या आतून आला असेल. खालची तोंडं वेल्ड करून बंद केली नाहीत की पुसण्याचं पाणी आत चढतं. नवा स्टँड करताना सगळी तोंडं बंद करा, वेल्डवरची खपली घासून काढा, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रेड ऑक्साइड गोड्या पाण्याला पुरतो, इथे नाही. प्लायच्या कापलेल्या कडा तशाच सोडल्या असतील तर मरीन प्लायही कडेतून पाणी पितो. कडांना इपॉक्सी लावा. कपाट बंद असेल तर मागे वरच्या बाजूला हातभर झरोका ठेवा.

प्रश्न : संपाच्या वरच एक्स्टेंशन बोर्ड लावला तर चालेल का? (कोल्हापूर)

चालणार नाही. बोर्ड स्टँडच्या बाहेर, भिंतीवर, संपाच्या काठापेक्षा उंच लावा. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी बोर्डाच्या पातळीखाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे आणि अर्थिंग खरोखर चालू आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आर.सी.सी.बी.वरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. स्विच खटकन पडला नाही तर तो बदलेपर्यंत पंपाचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.